पानं फाडलीन म्हणे!

"अगो, ऐकलंस का? पासपोर्टाची पानं फाडलीन म्हणे!"

माईंच्या बातमीत आधी क्रियापद येतं. कोणी, कुठे, कशाला हे सगळं मागाहून. आमच्या दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे आणि मे महिन्यात त्यावर माईंची आमसुलं वाळत असतात. सूप उन्हात सरकवायच्या निमित्ताने त्या तासातासाला तिथे येतात. सूप दर वेळी हलतंच असं नाही.

"कोणी फाडली, माई?"

"पुण्याकडच्या कोणा गृहस्थानं. पन्नाशी ओलांडलेला, बायकामुलांचा धनी. बँकॉकच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारल्यान आणि घरात कोणाला पत्ता नाही. मग घाबरला. बायकोनं पासपोर्ट उघडलान तर थायलंडचे शिक्के ओळीनं दिसायचे! म्हणून पानंच काढून टाकलीन. आणि मुंबईच्या विमानतळावर बरोबर धरलंनी त्याला."

बातमी खरी आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये ती छापून आली होती. रत्नागिरीपर्यंत, त्यातही माईंपर्यंत, ती जरा वळसे घेत आली एवढंच. आणि असा तो पहिलाही नव्हे. २०२२च्या जुलैमध्ये एका तरुणाने मालदीवच्या सहलीची पानं अशीच नाहीशी केली होती, तीही बायकोपासून लपवायला. त्यालाही मुंबईच्याच विमानतळावर अटक झाली. हे मी सांगितलं तेव्हा माईंनी सूप खाली ठेवलं. एका बातमीतून दोन फसलेल्या बायका निघाल्या म्हणजे दुपारची झोप गेलीच.

"पण कळतं कसं गो त्यांना? एवढ्या छत्तीस पानांतली तीन-चार गेली तर कोण मोजत बसतंय?"

मोजावं लागतच नाही. प्रत्येक पानावर आकडा छापलेला असतो, शिवाय पासपोर्टाचा क्रमांक बारीक भोकं पाडून पानांमधून आरपार गेलेला असतो. मधली पानं गेली की बारावरून उडी थेट पंधरावर. आणि खरं तर पान असो नसो, आपण देश सोडला कधी आणि परत आलो कधी ही नोंद खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या संगणकात असतेच. फाडणाऱ्याने बायकोचा विचार केला, संगणकाचा केला नाही.

"कलम बारा," पडवीतून आवाज आला. नाना झोपाळ्यावर डोळे मिटून पडलेले असतात, झोपलेले नसतात. जिल्हा न्यायालयात नाझर म्हणून जन्म काढला त्यांनी. "पासपोर्ट ॲक्ट, एकोणीसशे सदुसष्ट. पासपोर्ट तुमचा नसतो, भारत सरकारचा असतो. तुमच्याजवळ तो फक्त ठेवायला दिलेला. त्यात खाडाखोड करणं, पान काढणं हा गुन्हा."

"म्हणजे नवऱ्यानं बायकोला फसवलंन त्याचं काही नाही, सरकारचं पान फाडलंन त्याची शिक्षा?" माई.

"त्याला वेगळा कायदा आहे," नाना म्हणाले आणि झोपाळ्याला पाय लावला.

नानांना एकदा कायद्यावर आणलं की ते सदुसष्ट सालात शिरतातच. तोवर पासपोर्ट देणं म्हणजे सरकारची मेहेरबानी समजली जाई. दिला तर दिला, काढून घेतला तर घेतला. कारण विचारायची सोय नाही. एक व्यापारी गृहस्थ थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल १९६७मध्ये न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्याचा आधार असल्याशिवाय सरकारला तो अडवता येणार नाही. सरकारची तारांबळ उडाली. मे महिन्यात अध्यादेश, जूनमध्ये कायदा. पुढे दहा वर्षांनी मेनका गांधींचा पासपोर्ट सरकारने जमा करून घेतला आणि 'जनहितासाठी' यापलीकडे कारण सांगायला नकार दिला, त्यावरचा १९७८चा निकाल तर वकिलीच्या पहिल्या वर्षातली पोरंही घोकतात.

"यांना मेनका गांधींचा पासपोर्ट पाठ आहे," माई मला म्हणाल्या, "आपला स्वतःचा कुठल्या खणात आहे ते विचार."

माईंचे पासपोर्ट मात्र गोदरेजच्या कपाटात, चोरकप्प्यात, मंगळसूत्राच्या जुन्या वाटीशेजारी. पासपोर्ट एक नव्हे, दोन. नवा आणि जुना. जुन्याचा कोपरा कापलेला आहे, कारण त्याची मुदत संपली. पण त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला आहे आणि तो अजून जिवंत आहे. म्हणून जाताना दोन्ही बरोबर न्यायचे. कोपरा कापलेला पासपोर्ट रद्द आणि त्यातला व्हिसा चालू, हे माईंना पटायला वेळ लागला. पटल्यावर त्यांनी ते आळीत सगळ्यांना पटवून दिलं.

तो व्हिसा मिळाला तेव्हाची कथा आळीला पाठ आहे. मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीला, तेव्हा या दोघांना वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखतीला जायचं होतं. नानांनी महिनाभर आधी फाइल लावायला घेतली. सातबारा, घरपट्टीची पावती, पेन्शनचं पासबुक, बँकेतल्या ठेवींच्या पावत्या, आंब्याच्या बागेचा नकाशा. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. मुलीने फोनवर बजावलेलं, "बाळंतपणाला मदतीला येतोय असं म्हणू नका हं आई, भेटायला येतोय म्हणा." तिकडे 'मदत' म्हटलं की कामाला आलात की काय अशी शंका घेतात, असं जाऊन आलेले सगळेच सांगतात. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते, जावई काय करतात, तुम्ही काय करत होता, परत कधी येणार. दोन मिनिटांत आटोपलं. सातबारा कोणी पाहिलाच नाही.

"एवढी कोकणातली जमीन, कलमं, विहीर," नाना आजही म्हणतात, "आणि बाई म्हणते, नेक्स्ट!"

खरी गंमत पुढे होती. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं किती दिवस राहणार, तेव्हा माईंनी सहा बोटं वर केली. तो म्हणाला, "सिक्स वीक्स?" माई मान हलवणार तेवढ्यात मागून नाना गरजले, "मंथ्स! मंथ्स!" त्याने हसून शिक्का मारला आणि शिक्क्याखाली पेनाने तारीख लिहिली. ती हाताने लिहिलेली तारीख हीच काय ती महत्त्वाची. बाकी तो दहा वर्षांचा रंगीत व्हिसा, त्यावरचा फोटो, हे सगळं दारापर्यंत नेतं. आत किती दिवस राहायचं ते दारातला माणूस त्या क्षणी ठरवतो. पर्यटकाला बहुधा सहा महिने देतात, पण द्यायलाच हवेत असं नाही.

"पत्रिका आली म्हणजे पंगतीत बसवलंनी असं नाही," हे माईंचं त्यावरचं भाष्य, आणि व्हिसाची इतकी नेटकी व्याख्या मी कुठल्याच कचेरीच्या माहितीपत्रकात वाचलेली नाही.

हे न कळल्याने आळीतल्याच एका वहिनींच्या विहीणबाईंची केवढी फजिती झाली! व्हिसा दहा वर्षांचा म्हणून बाई निवांत. सहा महिने झाले, नातवाचा पहिला वाढदिवस महिन्यावर आला, जावई म्हणाला थांबा की. थांबल्या. परत आल्या, गावभर पेढे वाटले. पुढच्या वर्षी जायचं म्हटलं तर कळलं की दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिलं की तो व्हिसा त्या दिवसापासून आपोआप रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. त्या महिनाभर राहिल्या म्हणून थोडक्यात निभावलं. मुदतीवर एकशेऐंशी दिवसांपेक्षा जास्त काढले असते तर तीन वर्षं बंदी, वर्षभर काढलं असतं तर दहा वर्षं.

"अर्ज करून मुदत वाढवून घेता येते ना?"

"येते. पण मुदत संपायच्या आत अर्ज करायचा असतो गो. जावयाला ठाऊक नव्हतं. संगणकातला इंजिनीअर!" माईंनी 'इंजिनीअर' या शब्दाला जो हेल दिला तो लिहून दाखवता येणार नाही.

आता तर अमेरिकेत शिक्कासुद्धा पुष्कळदा मारत नाहीत. मुदतीची तारीख त्यांच्या सरकारी साइटवर असते, आय-९४ म्हणतात त्या नोंदीला. उतरल्याबरोबर दोन दिवसांत ती उघडून बघायची आणि कागदावर छापून ठेवायची, हा माझा सगळ्या आजीआजोबांना फुकटचा सल्ला. नातवाला सांगितलं तर तो पाच मिनिटांत करून देतो. मुलाला सांगितलं तर 'बघतो' म्हणतो.

तेवढ्यात मासेवाल्या भाभी फाटकाशी आल्या. त्यांचा मुलगा कुवेतला जायच्या तयारीत आहे, त्यामुळे त्याही थांबल्या. कोकणातल्या घराघरांतून आखातात माणसं गेलेली आहेत, पण तिथे वेगळाच एक शिक्का आडवा येतो. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टात 'ईसीआर' असं छापलेलं असतं. म्हणजे आखातातले बहुतेक देश धरून ठरलेल्या अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी परदेशगमनाची सरकारी परवानगी काढायची, तिकडे माणसाची पिळवणूक होऊ नये म्हणून. पूर्वी उलटं होतं. ज्यांना या परवानगीची गरज नाही त्यांना 'ईसीएनआर'चा शिक्का मारून घ्यायला लागे. आता काहीच छापलेलं नसलं म्हणजे सुटलात.

"म्हणून तर त्याला तिसऱ्यांदा बसवला दहावीला," भाभी म्हणाल्या. "बोललो, गणितात पस्तीस पाड, बाकी अल्ला बघेल."

पाडले त्याने. त्या मुलाच्या दहावीच्या मार्कलिस्टाची खरी कदर कुठल्या कॉलेजात झाली नाही, पासपोर्ट कचेरीत झाली.

माईंचं माहेर मडगावचं. त्यामुळे पासपोर्ट म्हटलं की पोर्तुगालही येतोच. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. जन्माची नोंद लिस्बनमध्ये करून घ्यायची. माईंच्या बालमैत्रिणीने केलीन. तिची मुलं त्या पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला गेली, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायच्या आधी. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. पण भारत दोन नागरिकत्वं चालू देत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा. मग बाप-आज्याच्या घरी यायलाही व्हिसा, नाहीतर ओसीआय कार्ड.

"परवाच्या जत्रेला आली होती," माई म्हणाल्या. "तिचं घर, तिचा माड, तिची तुळस. आणि दाबोळीला उतरली की रांग परदेशी लोकांची! मी विचारलं, कसं वाटतं गो? म्हणाली, पहिल्यांदा रडू आलं, आता त्या रांगेत गर्दी कमी असते म्हणून बरं वाटतं."

"आपल्या गावात सर्वांत जास्त मुक्काम केलेला परदेशी पाहुणा कोण?" नानांनी पडवीतून परीक्षा घेतली.

थिबा राजा, हे आम्हा दोघींना येतं. रत्नागिरीत राहून ते न येऊन कसं चालेल. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६मध्ये इथे आणून ठेवलं आणि १९१६मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षं. त्याला व्हिसा लागला नाही, कारण यायला परवानगी लागतच नव्हती. जायला लागत होती, ती मिळाली नाही.

"आणि परदेशी म्हणायचं का तेही बघ," नानांनीच स्वतःच्या प्रश्नाला हरकत घेतली. "तोवर ब्रह्मदेश इंग्रजांनी हिंदुस्थानाला जोडलेला होता." नाझर शेवटी नाझर.

आता मुख्य विषय. माई आणि नाना मृग लागायच्या आत, पाच जूनला, जर्मनीला मुलाकडे निघालेत. जर्मनी म्हणजे शेंगेन. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्याशा गावाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर १९८५मध्ये करार झाला म्हणून ते नाव. सुरुवात पाच देशांनी केली, आज त्यात एकोणतीस आहेत. एकदा आत शिरलं की या सगळ्यांत फिरा, मधल्या सीमांवर सहसा कोणी पासपोर्ट मागत नाही. म्हणून आत शिरतानाच सगळं तपासून घेतात.

त्या तपासण्यातल्या कागदांनी माईंचं डायनिंग टेबल महिनाभर अडवलं होतं. आईवडिलांचा खर्च माझ्याकडे, असं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत मुलाने लिहून दिलेलं हमीपत्र. किमान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. माणशी नव्वद युरो फी, व्हिसा नाकारला तरी परत नाही. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. यातलं काही अवघड नाही. अडलं ते बोटांवर.

फणसाचे दिवस. माईंनी आदल्याच दिवशी दोन बरके फोडलेले. चीक तेलाने जातो, पण पूर्ण जात नाही. त्यात पन्नास-साठ वर्षं नारळ खवून, चुलीतली राख काढून, भांडी घासून बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजलेल्या. अर्ज घेणाऱ्या केंद्रातली मुलगी हिरव्या काचेवर चार बोटं ठेवायला सांगते, यंत्र लाल होतं. पुन्हा ठेवा. पुन्हा लाल. "जोरात दाबा आजी." माईंनी एवढ्या जोरात दाबली की काच सरकली. मग तिने ओला कागद दिला, हात पुसा म्हणाली. शेवटी आंगठे आले, डावी तर्जनी आली, उरलेली कशीबशी आली. नानांची पहिल्या खेपेला आली. "आयुष्यभर कागद चाळलेत यांनी, रेषा कशाला झिजतील?" माई म्हणाल्या. हे ठसे जवळजवळ पाच वर्षं पुन्हा वापरता येतात, हे कळल्यावर त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

व्हिसा आला. त्यावर लिहिलंय नव्वद दिवस. माईंनी कालनिर्णय उतरवून आणलं आणि गडग्यावर पसरलं. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅसची तारीख, एकादश्या, आणि आता पेन्सिलीने पाच जूनपासून बारीक टिंबं.

"पाच जूनला उतरायचं, पाच सप्टेंबरला निघायचं. तीन महिने. गणपतीला घरी."

"तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, माई."

मोजलं. उतरण्याचा दिवस धरायचा, निघण्याचाही धरायचा. जूनचे सव्वीस, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे एकतीस, झाले अठ्ठ्याऐंशी. दोन सप्टेंबरला नव्वद भरले. पाच तारखेचं तिकीट म्हणजे तीन दिवस चोरून राहिल्यासारखं. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे, ते असे अंगावर येतात. तिकीट काढलेलं नव्हतं म्हणून बरं.

"आणि मुलगा म्हणतो पुन्हा दिवाळीला या."

तेही नाही. नियम नुसता नव्वद दिवसांचा नाही, कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वद असा आहे. ज्या दिवशी तुम्ही तिथे असाल त्या दिवसापासून मागे एकशेऐंशी दिवस मोजायचे आणि त्यात तुमचे किती दिवस तिथे गेले ते बघायचं. माई नव्वदच्या नव्वद सलग राहणार, म्हणजे बाहेरही सलग नव्वद काढायला हवेत. तीन सप्टेंबरपासून मोजलं तर दोन डिसेंबरच्या आत तिथे पाऊल टाकता येत नाही, तेही अनेक वेळा जाता येणारा व्हिसा हातात असला तर. युरोपने २०२४पासून भारतीयांसाठी एक सवलत मात्र ठेवली आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे काढून ते नीट वापरलेत, म्हणजे वेळेत परत आलात, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. नीट वापरलेत हे आतापर्यंत कशावरून कळायचं? शिक्क्यांवरून.

माईंनी मागल्या खेपेचे शिक्के काढून दाखवले. फ्रँकफर्टला आत शिरतानाचा चौकोनी, टोकदार कोपऱ्यांचा. बाहेर पडतानाचाही चौकोनीच, पण कोपरे गोल केलेले. दोन्हींत ताऱ्यांच्या वर्तुळात जर्मनीचं 'डी' हे अक्षर आणि एक चिमुकलं विमान. एकात बाण आत शिरतोय, दुसऱ्यात बाहेर पडतोय. जहाजाने गेला असतात तर विमानाच्या जागी जहाज, आगगाडीने गेला असतात तर गाडी. एवढी वर्षं पासपोर्ट जवळ असून माईंनी हा बाण पाहिलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून तो पाहिला.

"आता असा नाही मारणार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

२०२५च्या ऑक्टोबरपासून युरोपने शिक्के बंद करून यंत्रावर नोंद घ्यायला सुरुवात केली, आणि एप्रिल २०२६पर्यंत ते सगळीकडे लावायचं ठरवलं. सीमेवर चेहऱ्याचा फोटो, ठसे जुळवणं, आत गेल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, सगळं एका संगणकात. तिथली नोंद तीन वर्षं राहते. नव्वद दिवस आता अधिकाऱ्याला पानं उलटून बोटांवर मोजावे लागणार नाहीत, यंत्र मोजेल. एक दिवस जास्त झाला की नाव आपोआप वर येईल.

माई गप्प झाल्या. माई गप्प होणं ही आळीत नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

"मग माझ्याकडे काय राहणार?"

हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. शिक्का हा एकमेव पुरावा होता जो सरकारने लिहिला आणि प्रवाशाच्या हातात दिला. तो धूसर असायचा, कधी एकावर एक मारलेला असायचा, तारीख वाचता यायची नाही. त्यावरून भांडणंही व्हायची. पण तो वाचायला माझे डोळे पुरत होते. आता मी किती दिवस राहिले हे मला यंत्राला विचारायला लागणार. विचारायची सोय ठेवली आहे, ते खरं. पण समजा बाहेर पडतानाची नोंदच राहिली? तर मी निघाले होते हे मीच सिद्ध करायचं. म्हणून माईंना मी सांगितलं, येतानाजातानाचे बोर्डिंग पास टाकू नका, तिकिटांच्या छापील प्रती जुन्या पासपोर्टात ठेवा.

"दुधवाल्याचा हिशेब मीच ठेवते, आणि जर्मनीचा त्यांनी ठेवायचा?" माई म्हणाल्या. "मी कालनिर्णय घेऊन जाणार. तिथल्या भिंतीला लावणार."

नाना उठून गडग्याशी आले. ही पिढीच अशी, त्यांना कागदाशिवाय करमत नाही, असं मी म्हणणार होते, पण मलाही करमत नाही. सिंगापूरनेही आता पाहुण्यांच्या पासपोर्टात शिक्का मारणं बंद केलंय, ईमेलवर परवाना पाठवतात. इस्रायलने तर २०१३पासूनच सोडलं. तिथे वेगळीच अडचण होती. तिथला शिक्का असला की काही अरब देश दारात उभं करत नसत. म्हणून सुटी चिठ्ठी द्यायला लागले, ती पासपोर्टात राहत नाही.

"अगो, म्हणजे तिकडे सरकारच पान लपवायला मदत करतं की!"

"तो पुण्याचा माणूस चार वर्षं थांबला असता तर," नाना म्हणाले, "त्याला पानं फाडायची वेळ आली नसती. शिक्के उरलेच नसते."

"बायकोला मग कळायचं कसं?" माईंनी विचारलं. नानांकडे उत्तर नव्हतं, आणि असतं तरी ते देण्यात शहाणपण नव्हतं.

ऊन उतरलं होतं. भाभी बांगडे मोजून देऊन गेल्या होत्या. माई कालनिर्णयाची गुंडाळी करता करता एकदम थांबल्या.

"ते राहू दे. काल तू बँकेत गेलेलीस तेव्हा पोलीस येऊन गेला, ते सांगायचं राहिलं."

"पोलीस? आमच्याकडे?"

"घाबरू नको. तुझ्या धाकट्याच्या पासपोर्टाची चौकशी. ओळखीची दोन माणसं लागतात ना फॉर्मात, शेजारी म्हणून आमची नावं दिलीन. मी सांगितलं, मुलगा सालस, जन्मल्यापासून डोळ्यासमोर, कसली केस नाही, काही नाही. यांनी सही केलीनी."

माझ्या धाकट्याने पासपोर्टासाठी अर्ज केलाय, हे मला त्या क्षणी गडग्यावर कळलं.

"शिमग्याला आमची फणसाची फांदी पळवून होळीत घातलीन, तेही सांगणार होते," माई म्हणाल्या, "पण यांनी डोळे वटारले."

"अहो पण जाणार कुठे आहे तो?"

"ते पोलिसालाही माहीत नव्हतं गो." माईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुठे ते मला नाही ठाऊक. पण कोणाबरोबर, ते सांगते. इकडे ये अशी."